माऊसने गाणं रचताय? मग या चुका टाळा

नवशिक्यांची गाणी माझ्याकडे सतत येतात, 'जरा ऐकून सांगा' म्हणून. पाठवणाऱ्याकडे पेटी नसते, गिटार नसते, कम्प्युटरला जोडायचा मिडी कीबोर्डही नसतो. लॅपटॉप, माऊस आणि हेडफोन, बस. एवढ्यावर उत्तम संगीत होतं. १९८७ साली अमिगा कम्प्युटरवर 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' आला आणि लोक टायपिंगच्या कळांनी एकेक स्वर रकान्यात भरून गाणी रचू लागले. हाताशी चार चॅनल आणि ८ बिटांची सॅम्पल, म्हणजे रेकॉर्ड केलेले आवाजाचे तुकडे, तरी ती गाणी जिवंत वाजतात. तेव्हा वाद्य नाही ही अडचण समजू नका. अडचण ही की हातात माऊस आला की लोक ऐकायचं सोडून बघायला लागतात. पियानो रोलवर, म्हणजे स्वर पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या खिडकीत, पट्ट्या सुबक दिसल्या की गाणं झालं असं त्यांना वाटतं.

सगळे स्वर एकाच जोराने वाजवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. माऊसने स्वर काढला की सॉफ्टवेअर त्याला एक ठरावीक वेलॉसिटी, म्हणजे स्वर किती जोराने वाजला याचा आकडा, देऊन टाकतं, बऱ्याचदा १००. मिडीमध्ये, म्हणजे वाद्यं आणि सॉफ्टवेअर एकमेकांना स्वर कळवतात त्या भाषेत, ती १ पासून १२७ पर्यंत जाते. पण पियानो रोलच्या तळाशी असलेल्या त्या उभ्या रेघांकडे कुणी बघतच नाही. मग हाय-हॅटचे, म्हणजे ड्रममधल्या झांजांचे, सोळाही ठोके सारखे आणि पियानोचा प्रत्येक स्वर तितक्याच ताकदीने आदळलेला.

वेलॉसिटी म्हणजे आवाज लहान-मोठा करायची सोय, हा समज आधी काढून टाका. चांगल्या सॅम्पल लायब्ररीत एकच स्वर हळू, मध्यम आणि जोरात वाजवून वेगवेगळा रेकॉर्ड केलेला असतो. त्यातलं कोणतं रेकॉर्डिंग वाजणार हे वेलॉसिटी ठरवते. हळू दाबलेल्या पियानोचा पोतच निराळा असतो. जोरात वाजलेला स्वर फेडरने, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्टीने, खाली ओढून तो पोत मिळत नाही. मिळतो तो लांबून ऐकू येणारा जोरातला स्वर.

एका मुलाने लघुपटासाठी केलेलं पार्श्वसंगीत माझ्याकडे आणलं होतं. दिग्दर्शकाने 'यंत्र वाजवतंय असं वाटतं' म्हणून परत पाठवलेलं. त्याने आधी ड्रमची लायब्ररी बदलली, मग आणखी एक आणली, मग सगळ्यावर रिव्हर्ब (आवाज घुमवणारा परिणाम) ओतला. शेवटी कुणीतरी सांगितलं म्हणून 'ह्युमनाइझ'चं बटण दाबलं. त्यानंतर ते यांत्रिक राहिलं नाही, पण बेताल झालं. तसंच होणार होतं. ते बटण बहुतेक वेळा स्वर कसेही थोडे मागेपुढे आणि कमीजास्त करतं. माणूस वाजवतो तेव्हा फरक पडतो, पण तो असा सैरावैरा पडत नाही. त्याची सम ठाशीव येते, मधले ठोके सैल पडतात, स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमआधीचा एखादा ठोका जेमतेम ऐकू येतो, आणि पुढच्या बारमध्ये (आवर्तनात) बहुतेक तसंच पुन्हा होतं. त्या फरकाला घाट असतो. बटणाला तो ठाऊक नाही.

आम्ही बटणाचे सगळे बदल काढले, रिव्हर्बही बंद केला. मग मी त्याला तो ताल तोंडाने म्हणायला लावला, 'धुम् च च् ता', जसा येईल तसा, आणि फोनवर रेकॉर्ड केला. ते रेकॉर्डिंग प्रोजेक्टमध्ये एका ट्रॅकवर टाकलं आणि ड्रम त्याच्या शेजारी ठेवून ऐकले. आवाज जिथे जड पडत होता तिथे वेलॉसिटी ११० च्या आसपास, मधल्या हॅटना ६० ते ७५, आणि ते जेमतेम ठोके ३० च्याही खाली. स्नेअर त्याच्या तोंडून प्रत्येक वेळी किंचित उशिरा येत होता. तो ग्रिडवरून, म्हणजे मात्रांच्या रेघांवरून, उचलून तेवढाच मागे सरकवला. लायब्ररी तीच, स्वर तेच. एका संध्याकाळीत ड्रम वाजवल्यासारखे वाटू लागले. आधीचे कित्येक आठवडे डाउनलोड करण्यात गेले होते, याची मला अजून हळहळ वाटते.

माझी सवय हीच आहे: आधी तोंडाने, मग माऊसने. चाल असेल तर गुणगुणून रेकॉर्ड करा. आवाज चांगला असण्याची गरज नाही, ते रेकॉर्डिंग शेवटी पुसायचंच आहे. पण श्वास कुठे घेतला, कोणता स्वर लांबला, कुठे जोर आला, हे सगळं त्यात आपोआप उतरलेलं असतं. ज्यांना एवढाही धीर नाही त्यांना मी दुसरा उपाय सांगत नाही, कारण मला तो माहीत नाही.

ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्डिंग

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टायपिंगचा कीबोर्ड वाद्यासारखा वापरता येतो. गॅरेजबँडमध्ये मधल्या ओळीतल्या ए, एस, डी, एफ या कळा पांढऱ्या पट्ट्या होतात आणि वरच्या ओळीतल्या काही काळ्या. सोय चांगली आहे. पण लोक कानात ब्लूटूथ लावून वाजवतात आणि मग 'मला लयच नाही' असं ठरवून मोकळे होतात.

एक मुलगी याच कारणाने सगळं सोडून द्यायच्या बेतात होती. ती मेट्रोनोमवर वाजवायची आणि क्वांटाइझ केलं, म्हणजे स्वर ग्रिडच्या जवळच्या रेघेवर ओढले, की चाल अर्धी मात्रा पुढे जाऊन बसायची. हिशोब साधा आहे. ब्लूटूथमुळे आवाज २०० मिलिसेकंदांच्या आसपास उशिरा पोचू शकतो. मेट्रोनोमची टिक उशिरा ऐकू आली, तिच्यावर तिने अचूक बोट टाकलं, तरी नोंद तेवढीच उशिरा होणार. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा, म्हणजे ग्रिडच्या दोन रेघांमधलं अंतर, १२५ मिलिसेकंदांची असते. २०० मिलिसेकंद उशिरा पडलेल्या स्वराला सर्वांत जवळची ग्रिडची रेघ २५० वर, म्हणजे बरोबर अर्धी मात्रा पुढे. सॉफ्टवेअरने त्याचं काम चोख केलं. आणि तिची लय उत्तम होती, म्हणून तर प्रत्येक स्वर सारखाच उशिरा पडत होता.

वायरचे हेडफोन लावा, कितीही साधे असोत. मग ऑडिओ सेटिंगमध्ये बफर, म्हणजे वाजवण्याआधी सॉफ्टवेअर साठवतं तो आवाजाचा तुकडा, बघा: ४४,१०० च्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाची तेवढी मोजमापं, इथे त्यांनाच सॅम्पल म्हणतात) १०२४ सॅम्पलचा बफर सुमारे २३ मिलिसेकंद खातो, १२८ चा तीनही नाही. वाजवताना कमी ठेवा. मिक्सिंगला बसलात की वाढवा, नाहीतर आवाज तडतडायला लागतो. विंडोजवर असिओ (आवाज कमी उशिराने पोचवणारा) ड्रायव्हर निवडलाय ना, तेही तपासा.

आणि तीन कळा एकदम दाबल्यावर कॉर्डमधला एखादा स्वर गायब होत असेल तर बोटांना दोष देऊ नका. बऱ्याच साध्या कीबोर्डना काही कळांच्या जोड्या एकत्र ओळखताच येत नाहीत. कॉर्ड माऊसने भरा.

बाकीच्या, थोडक्यात

बासरीला श्वास द्या. सलग पट्ट्या ओढलेली, कुठेही न थांबणारी बासरी ऐकताना माझाच जीव गुदमरतो. व्हायोलिनची सर्वांत खालची तार ५५ क्रमांकाच्या मिडी स्वराची (मिडीत प्रत्येक स्वराला क्रमांक असतो). त्याच्या खाली सिंथ काहीही वाजवेल, व्हायोलिन नाही.

मींड हवी असेल तर पिच बेंड (सूर वर-खाली सरकवायची सोय) वापरा, पण दोन गोष्टी बघा. पिच बेंडचा पल्ला बहुतेक ठिकाणी वर-खाली दोन सेमीटोनच (अर्धस्वर) असतो, जास्त हवा तर वाद्याच्या सेटिंगमध्ये वाढवावा लागतो. शिवाय साध्या मिडीत तो अख्ख्या चॅनलवर चालतो, म्हणजे चालीबरोबर कॉर्डही घसरते. चाल वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

चार बारचा लूप चोवीस वेळा चिकटवणं म्हणजे गाणं नव्हे. दुसऱ्या कडव्यात काहीतरी काढा. नवशिके नेहमी भरच घालतात.

किक (ड्रममधला खालच्या सुराचा ठोका) आणि बेस दोघांनाही तळ, म्हणजे सर्वांत खालचा आवाज, देऊ नका. एकाला द्या, दुसऱ्याचा थोडा कापा.

मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, पहिल्याच दिवशी लिमिटर (आवाजाची शिखरं दाबणारं साधन) लावू नका. त्याने सगळं मोठं आणि छान वाटतं, आणि मिक्समधले दोष झाकले जातात. मी ट्रॅक असे ठेवतो की मास्टरचं शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास राहतं. सॉफ्टवेअरच्या आत शून्य डेसिबलच्या, म्हणजे फाइलमध्ये मावणाऱ्या कमाल पातळीच्या, वर गेलं तरी बऱ्याचदा काही बिघडत नाही. पण तसंच २४ बिटांच्या वेव्ह फाइलमध्ये एक्स्पोर्ट केलं की माथी छाटली जातात आणि ती परत मिळत नाहीत. दणदणाट करून फायदाही नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) पातळीला आणतं, म्हणजे तुमचं दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खालीच ओढलं जाईल.

प्रोजेक्ट सुरू करतानाच सॅम्पल रेट ठरवा. ४४,१०० ची फाइल ४८,००० समजून वाजली तर ती वेगाने पळते आणि सूर जवळजवळ दीड सेमीटोन चढतो. व्हिडिओसाठी काम असेल तर सुरुवातीपासून ४८,००० घ्या. गायकाकडून रेकॉर्डिंग मागवताना हा आकडा आणि गाण्याची लय लिहून कळवा, आणि फाइल पहिल्या बारच्या आरंभापासून पाठवायला सांगा, मधली शांतता न कापता.