पुढच्या चाकाकडचा आवाज आणि त्याचा माग

गॅरेजमध्ये उमेदवारीला लागल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. पुढच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे, काम शिकू पाहणाऱ्यांना मी तीच आधी सांगतो. पुण्यातल्या धनकवडीहून आलेल्या एका लहान गाडीला खड्ड्यांतून जाताना डावीकडून खडखड येत होती. शॉकअब्सॉर्बरवर तेलाचा ओघळ दिसला, तेवढ्यावर मी पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले, आणि चारच दिवसांत गाडी तोच आवाज घेऊन परत आली. दोष लिंक रॉडच्या झिजलेल्या जॉइंटमध्ये होता. लिंक रॉड म्हणजे स्टॅबिलायझर बारला, वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या आडव्या दांडीला, चाकाकडच्या भागाशी जोडणारी लहान दांडी. हा भाग शॉकअब्सॉर्बरच्या मानाने फारच स्वस्त असतो. तेलाचा ओघळ खरा होता, पण आवाज त्याचा नव्हता. ग्राहकाला झालेल्या त्या खर्चाची टोचणी मला अजून आहे.

लिंक रॉड मी तपासला नव्हता असे नाही, पण फक्त डावे चाक जॅकवर उचलून तपासला होता. एकच चाक उचलले की स्टॅबिलायझर बारला पीळ बसतो, लिंक रॉडवर ताण येतो आणि जॉइंटमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, हाताला जाणवतच नाही. दोन्ही चाके सारख्या उंचीवर असताना, शक्यतो गाडी रॅम्पवर चढवून, रॉड हाताने हलवला तर तोच जॉइंट स्पष्ट टकटकतो. तरीही शंका राहिली तर दोन्ही लिंक रॉड तात्पुरते काढून गाडी अगदी हळू, मोकळ्या रस्त्यावर थोडी फिरवावी. आवाज थांबला तर दोषी सापडला. मात्र अशा अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून वेग वाढवू नये.

त्या दिवसापासून मी पाना हातात घेण्याआधी ग्राहकाला शेजारी बसवून चक्कर मारतो आणि आवाज नेमका कोणत्या स्थितीत येतो ते लिहून घेतो. लोखंडी सांगाड्यातून आवाज दूरवर पसरतो, त्यामुळे तो कोठून ऐकू येतो यापेक्षा केव्हा येतो याला मी अधिक महत्त्व देतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कटकट झाली, तर ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा, चाकाकडचा सी.व्ही. जॉइंट पाहावा, त्याचे रबरी बूट (आवरण) फाटलेले असेल तर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेले दिसते. ब्रेक लावताच एकदाच ठोका बसला तर लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचे, रबरी बुश पाहावे. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग अडखळून सुटल्यासारखा आवाज आला, तर शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या माउंटचे बेअरिंग अडकत असावे. खडखड ब्रेकवर हलका पाय ठेवताच थांबत असेल, तर सैल झालेले ब्रेक पॅड आधी तपासावेत. आणि या सगळ्याच्याही आधी चाकाचे नट घट्ट आहेत ना, हे पाहावे.

व्हील बेअरिंगची घुंघुं गाडीच्या वेगाबरोबर वाढते आणि गिअर न्यूट्रल केला तरी जात नाही. जुन्या कात्रज घाटातून आलेले ग्राहक पुष्कळदा सांगतात, “डावीकडे वळलो की वाढतो, उजवीकडे वळलो की कमी होतो.” डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर जातो, म्हणून अशा वेळी संशय बहुधा उजव्या बेअरिंगवर घ्यावा. येथे टायर फार फसवतात. उंचसखल झिजलेला टायर हुबेहूब असाच गुणगुणतो, म्हणून पुढचे टायर मागे टाकून आवाज जागा बदलतो का ते पाहण्याआधी बेअरिंग उपसू नये.

चाक अधांतरी असताना वरून-खालून धरून हलवले आणि प्ले लागला, तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा असतो. राहिला तर लोअर आर्मच्या टोकाच्या बॉल जॉइंटकडे वळावे. डावी-उजवी बाजू धरल्यावर लागणारा प्ले बहुतेक स्टिअरिंगची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या टायरॉड एंडचा किंवा स्टिअरिंग रॅकचा असतो. हे सारे करताना गाडी स्टँडवर टेकलेली आणि मागच्या चाकांना अडण लावलेली असलीच पाहिजे. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

रबरी बुशची करकर ओळखण्यासाठी मी त्यावर पाणी शिंपडतो. आवाज थोडा वेळ थांबला की जागा कळते. तेल मात्र मारू नये, कारण खनिज तेलाने रबर फुगते आणि खराब होते.

सुटा भाग आणायला नाना पेठेत जाताना जुना भाग बरोबर न्यावा, कारण एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक लिंक रॉडची लांबी बदललेली मी पाहिली आहे. लोअर आर्म नवा बसवल्यावर रबरी बुशचे बोल्ट चाके लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच ते ठरलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळावेत. नाहीतर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट करून, ग्राहकाने ज्या गतिरोधकावर आवाज ऐकला होता त्याच गतिरोधकावरून, त्यालाच शेजारी बसवून, गाडी पुन्हा न्यावी.