तरुण गार्डची अ‍ॅथलेटिक कुवत कशी जोखायची: उडी नंतर, आधी ब्रेक

बास्केटबॉलमध्ये अठरा-एकोणीस वर्षांच्या एखाद्या गार्डने (चेंडू खेळवणारा, तुलनेने बुटका खेळाडू) कुणाच्या तरी डोक्यावरून डंक मारला, म्हणजे उडी मारून चेंडू थेट बास्केटमध्ये कोंबला, की लगेच "हा पुढचा वेस्टब्रुक" सुरू होतं (रसेल वेस्टब्रुक, अमेरिकेच्या एनबीए लीगमधला उड्यांसाठी गाजलेला गार्ड). डंकवरून सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) जोखा हवं तर, गार्ड नाही. गार्डचं पोट चालतं ते वेग बदलण्यावर, आणि तो बदल हायलाइट्समध्ये दिसत नाही.

तेव्हा हायलाइट्स बंद करा. तीन-चार पूर्ण मॅचेस काढा, त्यात एक तरी तगड्या टीमविरुद्धची आणि एक सपाटून हरलेली.

मग मापं. बिनबुटाची उंची, वजन, हातांचा पसारा (दोन्ही हात फाकवल्यावर बोटांच्या टोकांमधलं अंतर). एनबीएचा स्टार गार्ड शे गिल्जस-अलेक्झांडरची उंची साडेसहा फूट आणि पसारा जवळजवळ सात फूट, त्यामुळे त्याला बास्केटजवळ पोचायला फार उंच उडावंच लागत नाही. उडीचे आकडे मिळाले तर आधी बघा की उडी उभ्याने घेतलेली आहे की धावत येऊन, कारण दोन्हींत कित्येक इंचांचा फरक पडतो आणि लोक बिनधास्त एकाची उभी उडी दुसऱ्याच्या धावत्या उडीशी लावतात. आणि आकडा मिळाला म्हणून हुरळून जाऊ नका: २०२१ च्या एनबीए ड्राफ्ट कम्बाइनमध्ये (ड्राफ्ट म्हणजे टीम्स ओळीने नवे खेळाडू निवडतात ते, कम्बाइन म्हणजे त्याआधीची शारीरिक चाचणी) कीऑन जॉन्सनने धावत येऊन ४८ इंच उडी मारली, तो कम्बाइनचा विक्रम ठरला, तरी त्याची निवड २१ व्या नंबरावर झाली. स्टीफन करीची २००९ ची उडी ३५.५ इंच. तरी तो पुढे एनबीएच्या सर्वांत मोठ्या स्टार्सपैकी एक झाला.

आता खरा अवघड टप्पा, इथे घाई केलीत तर बाकीचं सगळं वाया. पोरगा थांबतो कसा ते बघायचं. सांता बार्बराच्या पी३ लॅबमध्ये खेळाडूंच्या हालचाली सेन्सर लावून मोजतात, तिथे एनबीए स्टार जेम्स हार्डन उठून दिसला तो उडीमुळे नाही, वेग झटकन कमी करता येतो म्हणून. दुसरा स्टार लुका डोन्चिच, त्याचंही तेच. दोघांनाही कित्येक जण "स्लो" म्हणत आलेत आणि दोघेही ड्राफ्टमध्ये तिसऱ्या नंबरावर गेलेले. डिफेंडर पूर्ण वेगात मागे सरकत असतो, तुम्ही त्याच्या आधी थांबलात की तो आपोआप दोन पावलं लांब जातो, शॉटला जागा तिथून मिळते.

हे बघायचं कसं? ड्राइव्ह (चेंडू घेऊन बास्केटकडे मुसंडी) करता करता मधेच थांबून शॉट घेतला असे प्रसंग शोधा आणि पाव स्पीडला लावा. पूर्ण वेगातून थांबायला पावलं किती लागली? थांबताना कंबर खाली बसते की धड पुढे कोसळतं? थांबल्यावर चेंडू शॉटसाठी तयार आहे की अजून सावरासावर चालू आहे? आणि शेवटी डिफेंडर कुठे आहे, कारण खरा निकाल तिथेच लागतो. फ्रेम मोजायची हौस असेल तर मोजा, पण दोन व्हिडिओंचा फ्रेम रेट सारखा असेल तरच, नाहीतर ३० ला ६० शी लावून लोक भलतेच शोध लावतात.

इथे एक मोठा फसवा प्रकार आहे. मुळातच हळू येणारा पोरगा छानच थांबतो, त्याला थांबायला आहेच काय! म्हणून आत शिरतानाचा वेग आधी बघा, अर्ध्या वेगातले स्टॉप सरळ यादीतून काढून टाका. तसंच डिफेंडर घसरून पडला म्हणून मिळालेली मोकळी जागाही धरू नका, ती ब्रेकची कमाल नाही.

अजून एक. डावीकडे आणि उजवीकडे दोन्ही बाजूंनी थांबतानाचे प्रसंग वेगवेगळे मोजा. बऱ्याच तरुण गार्डांचा एक पाय पक्का असतो आणि दुसऱ्यावर भार आला की ते गडबडतात, उरलेल्या मॅचभर ती बाजू टाळतात, आणि चांगला कोच हे पहिल्या क्वार्टरमध्येच ओळखतो. चौथा क्वार्टर वेगळा बघा. पाय थकल्यावर उडी टिकलेली दिसते पण ब्रेक आधी जातात, हे माझं ठाम मत आहे.

डिफेन्समध्ये क्लोजआउटला (शॉट घेणाऱ्याला अडवायला) धावत जाऊन तोल सांभाळतो का आणि स्क्रीनला (वाटेत आडव्या उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याला) अडकून पडतो का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

आता तुलना. प्रस्थापित खेळाडूच्या ऐन भरातल्या सीझनशी तुलना करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, तरी सगळे तेच करतात. त्याच्याच वयाचा जुना व्हिडिओ काढा. गिल्जस-अलेक्झांडर २०१८ मध्ये ११ व्या नंबरावर आला, पहिल्या सीझनला सरासरी १०.८ पॉइंट्स, आणि २०२४-२५ मध्ये ३२.७ च्या सरासरीने एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. आजचा त्याचा खांदा बघून वीस वर्षांच्या पोराला "अंगात ताकद नाही" म्हणाल तर तो निकष त्या काळच्या शेलाही लावून बघा. शाळकरी पोरांच्या बाबतीत तर जन्मतारीख आणि उंची केव्हा वाढली हेही विचारा, लवकर वाढलेला पोरगा बरोबरीच्यांत राक्षस वाटतो आणि बाकीचे वाढले की त्यांच्यातलाच एक होतो.

आणि एकच नाव चिकटवू नका. थांबणं कुणासारखं, पहिलं पाऊल कुणासारखं, पसारा कुणाइतका, अशी तीन वेगळी नावं लिहा, प्रत्येकापुढे ज्या मॅचमध्ये पाहिलं ती मॅच आणि मिनिट. मिनिट लिहिता आलं नाही तर ते नाव खोडा.