गेटवे सर्व्हर घेताना डिस्क आधी बघा

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मॉनिटरिंगचा गेटवे, म्हणजे उपकरणांच्या नोंदी गोळा करून मुख्य सर्व्हरला पाठवणारा संगणक, बसवताय? प्रोसेसरवर पैसे ओतू नका. पन्नासेक उपकरणांना 2 कोर, 4 जीबी रॅम पुरते. खरा ताण डिस्कवर येतो, सारखं लिहिणं चालू असतं, एसएसडीच घ्या.

त्यावर झॅबिक्स प्रॉक्सी (झॅबिक्स या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरचा नोंदी गोळा करणारा भाग) वापरत असाल तर ऑफलाइन बफरची, म्हणजे नेट नसताना नोंदी किती वेळ जपायच्या याची, सेटिंग आजच बघा. मूळ मुदत फक्त 1 तासाची असते. पावसाळ्यात नेट दुपारी गेलं आणि रात्री आलं, की मधल्या बहुतेक नोंदी गेल्याच! ती 72 तास करा, तेवढी जागाही ठेवा.

आणि मशीन बिनपंख्याचंच हवं, पंखा धूळ आत ओढतो. भट्टीजवळच्या एका पेटीत हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटी काळ्या वाळूनं पार बुजलेल्या मी पाहिल्यात. ऑफिसात, यूपीएसवर ठेवा. स्विच आणि राउटरही त्याच यूपीएसवर घ्या.