स्लो मोशनमध्येही ओठ जुळवायचे असतील तर

म्युझिक व्हिडिओ ही शेवटी गाण्याची जाहिरातच. त्यात गोष्ट थोडी विस्कटली तरी खपून जाते, पण गायकाचे ओठ शब्दांवरून घसरले की बघणाऱ्याचं मन उडतं. स्लो मोशनमध्ये तर हमखास घोळ होतो: केस संथ उडतायत, थेंब हवेत तरंगतायत आणि ओठ भलतंच काहीतरी म्हणतायत.

उपाय सोपा आहे. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम्सचा असेल तर कॅमेरा ५० वर ठेवा आणि शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवा. गायकाने त्याच वेगात गायचं. सेटवर हा प्रकार अगदी कार्टूनसारखा दिसतो, हसू आवरत नाही. एडिटमध्ये वेग निम्मा केला की ओठ मूळ गाण्यावर चपखल बसतात, बाकी सगळं संथ.

१०० फ्रेम्सचा मोह मात्र टाळा. चौपट वेगात शब्द तोंडात मावत नाहीत. वेगवान ट्रॅक गायकाला आदल्या दिवशीच पाठवा. आणि नुसते ओठ हलवू नका, खरंच मोठ्याने गा. गळ्याची शीर ताणलेली नसेल तर क्लोजअपमध्ये चोरी लगेच पकडली जाते.