सांबा शेअरवरच्या परमिशन : या चुका टाळा

लिनक्स सर्व्हरवरचं फोल्डर विंडोजवाल्यांना सांबा या प्रोग्रॅमने वापरायला दिलेलं असतं, तोच शेअर. त्यातली काल सगळ्यांना उघडणारी एक्सेल फाइल आज एकालाच सेव्ह होते, बाकीच्यांना ‘रीड-ओन्ली’. वर्षअखेरीचे दिवस, अकाउंट्सच्या मॅडम खोळंबलेल्या. अशा वेळी हात जातो तो सीएचमॉड ७७७ कडेच, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परमिशन देणाऱ्या कमांडकडे. कृपा करून थांबा. अख्ख्या फोल्डरवर ते चालवलं की सर्व्हरवर लॉगिन असलेला कुणीही पगारपत्रक बदलू शकतो, पुसूही शकतो. शिवाय दुखणं तसंच राहतं: उद्याची नवी फाइल पुन्हा जुन्याच परमिशन घेऊन येते.

आधी एलएस -एल करून बघा, फाइलींच्या परमिशन दिसतात. मला बहुतेक वेळा दिसतं ते हे: मालकाला आरडब्ल्यूएक्स, ग्रुपला आणि इतरांना नुसता आर. (आर म्हणजे वाचणं, आकडा ४; डब्ल्यू लिहिणं, २; एक्स चालवणं किंवा फोल्डरमध्ये शिरणं, १. बेरजेचे तीन आकडे मालक, ग्रुप, इतर या क्रमाने.) हे ७४४ म्हणजे सांबाच्या ‘क्रिएट मास्क’चं, म्हणजे नव्या फाइलला जास्तीत जास्त कोणत्या परमिशन मिळतील त्या सेटिंगचं, डीफॉल्ट. ज्याने सेव्ह केलं त्यानेच लिहायचं, इतरांनी फक्त वाचायचं.

दुसरी चूक, तेवढी एकच फाइल दुरुस्त करणं. मीही मॅडमची तीच फाइल एका आठवड्यात तीनदा नीट केली होती. एक्सेल सेव्ह करताना नवी तात्पुरती फाइल लिहितं आणि तिलाच जुनं नाव देतं, त्यामुळे शेवटी सेव्ह करणारा मालक होतो आणि परमिशन नव्याने ठरतात. म्हणून इलाज फोल्डरवर आणि शेअरच्या सेटिंगमध्येच करायचा.

फोल्डरचा ग्रुप ‘अकाउंट्स’ करा आणि त्याला २७७० द्या. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. त्यामुळे आत बनणाऱ्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप लागतो. सांबाच्या कॉन्फिगमध्ये त्या शेअरखाली क्रिएट मास्क आणि फोर्स क्रिएट मोड दोन्ही ०६६०, डिरेक्टरी मास्क आणि फोर्स डिरेक्टरी मोड २७७० लिहा. (‘मास्क’ परमिशनची मर्यादा घालतो, ‘फोर्स’ त्या हमखास देतो.) कॉन्फिगमधल्या चुका तपासणारं टेस्टपार्म चालवा, मग सांबा रीलोड करा.

जुन्या फाइली उरतात. गेटएफएसीएल -आर (कॅपिटल आर, म्हणजे आतल्या सगळ्यासकट) ने आधीच्या परमिशन एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. चुकलं तर सेटएफएसीएलने परत आणता येतात. मग सीएचग्रुप -आर (हाही कॅपिटल) ने सगळ्यांचा ग्रुप बदला, आणि फाइंडने फोल्डर वेगळे, फाइली वेगळ्या: फोल्डरना २७७०, फाइलींना ६६०. सरसकट ६६० दिलंत तर फोल्डरचा एक्स जातो आणि आत कुणालाच शिरता येत नाही.

एमव्ही या कमांडने त्याच डिस्कवर हलवलेली फाइल जुना ग्रुप सोबत आणते, तेव्हा हलवल्यावर एकदा तपासा. आणि कुणाला आत्ताच ग्रुपमध्ये घातलं असेल, तर त्यांना विंडोजमधून लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. जुन्या कनेक्शनला नवा ग्रुप कळत नाही.