कादिझहून खायला निघताना

आधी पोटाचं घड्याळ बदला. इकडे, दक्षिण स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कादिझमध्ये, दुपारचं जेवण दीड ते साडेतीन-चार. मग बहुतेक स्वयंपाकघरं थंडावतात ती रात्री आठ-साडेआठपर्यंत. बारालाच भुकेजणाऱ्या आपल्या मंडळींनी किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्हचं तेल घातलेला टोस्ट खाऊनच बाहेर पडावं. सोमवार शक्यतो टाळा, बरीच हॉटेलं बंद असतात.

हेरेझला लोकल पाऊण तासात पोचवते. शेरी या इथल्या कडक वाइनची कोठारं, म्हणजे बोदेगा, आतून बघायची तर वेळ आधीच ठरवा, तीही सकाळची. फिनो ही कोरडी शेरी दिसायला फिकी, पण अल्कोहोल 15 टक्के. गाडी भाड्याची असेल तर चाखणारा आणि चालवणारा वेगळे हवेत.

सानलुकार गावाला रेल्वे नाही, बसच. खरं तर एकच दिवस असेल तर मी इथेच जाईन. ग्वादालकिवीर नदी समुद्राला मिळते तिथल्या दमट हवेत पिंपातल्या वाइनवर यीस्टची साय धरते, आणि तिच्याखाली मुरते ती मान्सानिया, शेरीचाच एक प्रकार. या नावाने विकायची तर ती याच गावात मुरावी लागते. बाहो दे गिआच्या नदीकाठी मोठी कोळंबी वजनावर मिळते, म्हणून भाव विचारूनच मागवा. सोबत तोर्तियीतास दे कामारोनेस: बेसन, गव्हाचं पीठ आणि सालासकट बारीक कोळंबी. आपल्या जवळ्याच्या भज्यांची चुलत बहीण, फक्त पातळ आणि जाळीदार.

ट्यूनासाठी बार्बाते हे किनाऱ्यावरचं गाव, तेही एप्रिल ते जूनमध्ये, भूमध्य समुद्रात अंडी घालायला निघालेले मासे किनाऱ्याजवळच्या आल्माद्राबाच्या, म्हणजे पारंपरिक पद्धतीने रोवलेल्या, जाळ्यांत अडकतात तेव्हा. एरवी खारवून सुकवलेला ट्यूना, म्हणजे मोहामा, असतोच. सुकट आवडणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

खाडीपलीकडच्या एल पुएर्तो गावाला बोटीने अर्धा तास. लेवांते, म्हणजे पूर्वेचा वारा, पेटला की बोट रद्द होते, तेव्हा परतीच्या ट्रेनची वेळ टिपून ठेवा.

शाकाहाऱ्यांनी नुसतं ‘सिन कार्ने’ (मांस नको) म्हणून भागत नाही, कारण बटाट्याच्या सॅलडमध्येही ट्यूना निघतो. ‘सिन पेस्कादो, सिन हामोन’ (मासे नकोत, हॅम नको) हेही पाठ करा.

पिशवीत सुटे युरो, पाण्याची बाटली आणि एक जाड मोजा. शेरी व्हिनेगरची बाटली त्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत टाकायची.