स्पेशल बग्गीत मूल बसवताना या चुका टाळा: आधी कंबर, मग खांदे

माझी लेक आठ वर्षांची आहे, तिला सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यामुळे स्नायूंवर ताबा न राहणं) आहे, आणि गेली पाच वर्षं आमचं घराबाहेरचं सगळं आयुष्य तिला आधार देऊन, पट्टे लावून बसवायच्या या चाकांच्या गाडीवर चालतं. घरात आम्ही 'गाडी'च म्हणतो, थेरपीला 'बग्गी' म्हणतात, कोणी सीपी चेअर म्हणतं, नाव काहीही असो. थेरपी सेंटरच्या बाहेर रोज दहा-बारा गाड्या उभ्या असतात आणि खरं सांगते, त्यातल्या निम्म्या गाड्यांमधली मुलं बघून माझ्या पोटात गोळा येतो. आईबाप जीव टाकणारे असतात, पण बसवलेलं असतं चुकीचं. आणि आपली बरीचशी मुलं 'आई, टोचतंय' असं सांगू शकत नाहीत. म्हणून एकदाचं सविस्तर लिहितेय.

पहिली आणि सगळ्यात धोक्याची चूक म्हणजे खांद्याचे पट्टे आवळायचे आणि कमरेचा पट्टा सैल सोडायचा. दहापैकी सहा-सात गाड्यांमध्ये मला हेच दिसतं. कारण समजू शकते, मूल पुढे झुकतंय, मान खाली जातेय, मग हात आपोआप वरच्या पट्ट्याकडे जातो. पण मूल वरून पडत नसतं, ते खालून घसरत असतं. सीपीच्या मुलांचा टोन (स्नायूंचा ताण) वाढला, शिंक आली, गाडीचा हॉर्न वाजला, की पाय ताठ होतात, कंबर वर उचलली जाते आणि सीटवरून पुढे सरकते. कमरेला धरून ठेवणारं काही नसेल तर सगळं शरीर खाली जातं, आणि वरचे पट्टे मात्र जागेवरच राहतात. म्हणजे ते येतात कुठे? गळ्याशी.

आमच्याबरोबर हे झालंय. साताऱ्याला नात्यातलं लग्न होतं, हळदीचा दिवस, हॉलमध्ये गर्दी, डीजे. मी तिला व्यवस्थित बसवून जेवणाच्या पंगतीकडे गेले, सासूबाई शेजारीच होत्या. तेवढ्यात एक काकू आल्या, मायेने म्हणाल्या पोरीला किती आवळलंय गं, श्वास तरी घेता येतोय का, आणि कमरेचं बकल काढून टाकलं. छातीचं आणि खांद्याचं तसंच ठेवलं, कारण ते काढलं तर पुढे पडेल हे त्यांनाही कळत होतं. दोन मिनिटांनी डीजेचा आवाज वाढला, लेक दचकली, ताठ झाली, घसरली. मी हातात ताट घेऊन परत येत होते तर तिची हनुवटी छातीच्या पट्ट्यावर अडकलेली, पट्टा गळ्यात रुतलेला, तोंड लाल आणि आवाज नाही. सासूबाईंना वाटलं झोपली. ताट तिथेच टाकलं, तिला मांड्यांखालून वर उचललं, मग बकल उघडलं. गळ्यावरचा वळ चार दिवस होता. काकूंवर माझा राग नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगते. आधी ब्रेक. मग मूल बसवून दोन्ही हातांनी कंबर मागे ढकलायची, ढुंगण पाठीच्या टेकूला पूर्ण चिकटलं पाहिजे. आमची ताठ असते तेव्हा आधी गुडघे वाकवून थोडे पोटाकडे आणते, एखादं गाणं म्हणते, शरीर सैल झालं की मग मागे सरकवते, जोर लावून कधीच नाही. मग कमरेचा पट्टा. तो पोटावर नाही, तर मांडी जिथे वाकते त्या घडीत, खाली आणि मागे ओढणारा, सीटशी साधारण ४५ ते ६० अंशांचा कोन करणारा असावा. पट्टा आणि शरीर यांच्यामध्ये दोन बोटं सपाट जेमतेम गेली पाहिजेत, मूठ जात असेल तर तो पट्टा नसल्यातच जमा. त्यानंतर पाय, आणि सगळ्यात शेवटी खांदे. खांद्याचे पट्टे पाठीच्या टेकूतून जिथून बाहेर येतात ती जागा खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर हवी. मूल वाढलं आणि ती जागा खाली राहिली की पट्टे खांदे खाली दाबतात आणि पाठीला पोक येतं. काढताना उलटा क्रम, आधी खांदे आणि छाती, कंबर शेवटी. हे मी घरातल्या प्रत्येकाला, अगदी वॉचमनकाकांनाही करून दाखवलंय, आणि गाडीच्या हँडलला मोठ्या अक्षरात कागद लॅमिनेट करून बांधलाय: 'कमरेचा पट्टा एकटा काढू नका.'

याच्याच पोटातली एक बारीक गोष्ट. थंडीत जाड स्वेटर घालून किंवा खाली दुलई घालून पट्टे लावू नका, दुलई दबते आणि पट्टा सैल होतो. आधी पट्टे, मग वरून शाल. आणि बकल 'टक्' वाजलं म्हणून लागलं असं समजू नका, लावल्यावर एकदा ओढून बघा. आमच्या बकलमध्ये वरणभाताची शितं सुकून बसली होती, वरून लागल्यासारखं दिसायचं आणि जरा ओढलं की सुटायचं. आता दर रविवारी जुना टूथब्रश आणि कोमट पाणी, व्हेल्क्रोमधले केस सुईने काढायचे, पंधरा मिनिटांचं काम आहे.

दुसरी चूक, जिच्यावर मी सेंटरच्या दारात अनोळखी लोकांशीही बोलते, हँडलला पिशव्या. दप्तर, पाण्याची बाटली, डायपरची बॅग, वाटेत घेतलेली भाजी, सगळं हँडलला. ही गाडी म्हणजे हातगाडी नाही हो. मूल १५-१८ किलोचं, त्यात टेकू मागे कलवलेला, म्हणजे वजन आधीच मागच्या चाकांकडे गेलेलं, त्यात सहा किलोची पिशवी चाकांच्याही मागे लोंबकळतेय. मंडईतून येताना आमची गाडी अशीच उलटली होती, फुटपाथवर चढवायला मी पुढची चाकं उचलली आणि पिशव्यांच्या ओझ्याने सगळी गाडी माझ्या अंगावर मागे आली. माझं मनगट मुरगळलं, लेकीचं डोकं माझ्या पोटावर आलं म्हणून वाचलं. मी तिथे नसते आणि गाडी नुसती उभी असती तर काय, हा विचार अजून येतो. सामान सीटखालच्या जाळीत, तेही थोडंच, बाकी आपल्या पाठीवर सॅक. गाडीला मागे न उलटण्यासाठी छोटी जादा चाकं असतात, फुटपाथ चढवताना अडतात म्हणून लोक ती वर दुमडतात आणि मग खाली करायला विसरतात. चढलात की लगेच पायाने खाली करा.

बाकीच्या चुका भराभर सांगते.

घडी उघडल्यावर लॉक न तपासणं. उघडली की मूल बसवण्याआधी सीटवर दोन्ही हातांनी जोर देऊन बघायचं, प्रत्येक वेळी, घाईतसुद्धा. घाईत तर नक्कीच.

ब्रेक लावून उतारावर सोडून जाणं. पावसाळ्यात ओल्या फरशीवर ब्रेक लावलेलं चाकसुद्धा घसरतं. उतारावर थांबावंच लागलं तर गाडी उताराला आडवी लावा आणि एक हात हँडलवर असू दे.

रॅम्पवरून तोंड पुढे करून खाली नेणं. उलटं वळा, तुम्ही खालच्या बाजूला, मूल वरच्या बाजूला तोंड करून, मागची मोठी चाकं आधी. पायरी उतरतानाही तसंच. आणि सोसायट्यांनो, रॅम्प १ फूट चढायला १२ फूट लांब लागतो, तुम्ही स्कूटर चढवायला केलेली ती उभी घसरगुंडी म्हणजे रॅम्प नाही. आमच्या सोसायटीत दीड वर्ष भांडले, तेव्हा झाला.

सरकता जिना. नाही म्हणजे नाही, कोणी कितीही 'मी पकडतो ना ताई' म्हणालं तरी. लिफ्ट शोधा. मेट्रोत प्लॅटफॉर्म आणि डब्यामधल्या फटीत पुढची छोटी चाकं अडकतात, म्हणून मी पुढची चाकं उचलून आत टेकवते किंवा सरळ पाठमोरी आत जाते.

पाय लोंबकळत ठेवणं. पावलं पाय ठेवायच्या पाटीवर सपाट टेकलेली हवीत, एएफओ (घोट्याला आणि पावलाला आधार देणारे स्प्लिंट) असतील तर ते घालूनच, आणि घोट्याचे पट्टे लावलेले. लोंबकळता पाय चाकात जातो, ओढणीचं टोक आणि गोधडीची झालरही जाते. पाटी फार खाली असेल तर मूल पाय टेकवायला पुढे सरकतं, म्हणजे परत तीच घसरण.

खाणं भरवताना टेकू मागे करणं. मान मागे गेली की घास गिळणं अवघड होतं आणि तो श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी सरळच राहू द्या. आपण मुलासमोर खाली बसून भरवायचं, उभं राहून नाही, उभं राहिलो की ते वर बघतं आणि मान मागे जाते.

इथे एक फरक सांगते जो मलाही दोन वर्षांनी कळला. फक्त पाठ मागे जाणं वेगळं आणि अख्खी सीट मागे कलणं वेगळं. नुसती पाठ मागे गेली की कमरेचा कोन उघडतो आणि बऱ्याच ताठ मुलांना तेवढंच निमित्त पुरतं, ती ताठ होऊन खाली घसरतात. अख्खी सीट कलली तर बसण्याचा कोन तोच राहतो आणि कंबर जागेवर राहते. गाडी घेताना हे विचारा, रंग नंतर बघा.

फिट आली तर मूल ओढून बाहेर काढणं. ब्रेक लावा, पट्टे राहू द्या, डोक्याला हाताने किंवा उशीने आधार द्या, घड्याळ बघा. तोंडात घास असेल, उलटी झाली असेल किंवा श्वास अडकत असेल तर मात्र बाहेर काढून कुशीवर झोपवायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर हॉस्पिटल. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

आता स्कूल व्हॅन. मूल गाडीसकट व्हॅनमध्ये चढवायचं, ब्रेक लावायचा आणि झालं, हे मी स्वतः बघितलंय. ब्रेक चाक थांबवतो, गाडी नाही. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला की गाडी मुलासकट पुढे जाणार. वाहनात मुलासकट ठेवायला चालणाऱ्या गाड्या वेगळ्या असतात, त्यांची आयएसओ ७१७६-१९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टक्कर चाचणी झालेली असते, सांगाड्यावर चार ठिकाणी हुकचं चित्र असतं आणि त्या चार ठिकाणी व्हॅनच्या फरशीला पट्ट्यांनी बांधायचं असतं, शिवाय मुलाला वाहनाचा वेगळा बेल्ट. तुमच्या गाडीवर ते चित्र नसेल तर मूल बाहेर काढून योग्य कार सीटमध्ये बसवा, गाडी घडी करून डिकीत. त्रास आहे, मला माहितीये, माझी कंबर रोज बोलते. तरीही.

मापाबद्दल लोक इतके निष्काळजी असतात की राग येतो. साधी बाबागाडी बहुतेक १५ किलोच्या आसपासच्या वजनासाठी केलेली असते, त्यात सात वर्षांचं मूल उशा लावून कोंबायचं, किंवा 'अजून दोन वर्षं चालेल' म्हणून मोठ्या मापाची घ्यायची. मोठ्या गाडीत मूल एका बाजूला कलतं आणि तासन् तास तसंच राहतं, पाठीचा कणा वाकायला अशी बैठक मदतच करते. सीटची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी, त्याहून कमी असेल तर कड रुतते, जास्त असेल तर मांडीला आधार कमी. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून (अपंगांना साहाय्यक साधनं देणारी योजना, १९८१ पासून चालू आहे, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला लागतो) सीपी चेअर मिळू शकते, जरूर घ्या, पण मिळाली तशी वापरू नका, थेरपिस्टकडे घेऊन जा, तिथे मूल बसवून माप लावून घ्या. जुनी कोणाकडून घेतली तरी तेच. आणि दर सहा महिन्यांनी परत, मूल वाढतं, गाडी वाढत नाही.

सगळ्यात जास्त घाई मी नव्या आईबाबांमध्ये बघते. गाडी शनिवारी आली की रविवारी मॉलमध्ये चार तास. समजतं मला, इतके महिने घरात काढल्यावर बाहेर पडावंसं वाटतंच, पण पहिल्या दिवशी वीस मिनिटं, घरातच, रोज थोडं वाढवत न्या. काढल्यावर प्रत्येक वेळी माकडहाड, कुल्ले, गुडघ्यामागे, घोटे, पट्ट्याखालची त्वचा बघा. वळ अर्ध्या तासात गेला नाही तर बसायचा वेळ कमी करा आणि थेरपिस्टला दाखवा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून नुसतं बघू नका, हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतंय का. माझ्या लेकीच्या उजव्या कुल्ल्यावर असाच एक गरम ठिपका हाताला लागला होता, डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. सीट उघडली तर कव्हरखाली गादीला सुरकुती पडून पक्की घडी झालेली, नीट सपाट केली, दोन दिवस त्या बाजूचा भार कमी ठेवला, ठिपका गेला. आता तिला बसवायच्या आधी मी कव्हरवरून तळहात फिरवते, चादर सारखी करतो तसा.